अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या अर्जात संशोधनाचे वजन किती? एमबीबीएस विद्यार्थ्यांचे नेहमीचे प्रश्न

आपल्याकडे नीट-पीजीचा क्रमांक लागला की जागा ठरते. त्या रांगेत पेपर किती छापले हे कुणी विचारत नाही. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या पीजी प्रशिक्षणासाठी, अर्ज वाचला जातो, मुलाखत होते, मग उमेदवार आणि रुग्णालय दोघेही पसंतीक्रम देतात आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मॅचचा, म्हणजे या जुळणीचा, निकाल लागतो. संशोधनाचा प्रश्न तिथे येतो, आणि त्याच्यामागून अफवाही. खालची उत्तरे महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत यूएसएमएलईची (अमेरिकेतल्या वैद्यकीय परवान्याच्या, ‘स्टेप’ नावाच्या टप्प्यांत होणाऱ्या परीक्षेची) तयारी करणाऱ्यांना धरून लिहिली आहेत.

एकही पेपर नसेल तर अर्ज बाद होतो का?

शाखा कोणती, त्यावर आहे. भारतातून गेलेले बहुतेक जण इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, पेडियाट्रिक्स, सायकियाट्री, न्यूरॉलॉजी किंवा पॅथॉलॉजीला लागतात. तिथे पहिली चाळणी असते ती स्टेप २ सीकेचे गुण, कुठल्या स्टेपमध्ये नापास झालात का, एमबीबीएस होऊन किती वर्षे उलटली, अमेरिकेतला क्लिनिकल अनुभव आणि व्हिसा यांची. या चाळणीत अडकलेला अर्ज पेपरांमुळे वर येत नाही. पुष्कळ विद्यार्थी नेमके उलटे करतात: स्टेप २ची तयारी लांबवून पाचवा केस रिपोर्ट (एखाद्या रुग्णाच्या आजाराची हकीकत सांगणारा छोटा लेख) लिहीत बसतात.

चाळणीतून सुटल्यावर मात्र संशोधन बोलू लागते. ज्या विद्यापीठ रुग्णालयांत कार्डिओलॉजी किंवा ऑन्कोलॉजीची फेलोशिप आहे, तिथल्या इंटर्नल मेडिसिनच्या जागांसाठी ते पाहिले जाते. लहान शहरातल्या कम्युनिटी रुग्णालयात फॅमिली मेडिसिनसाठी एखादा पूर्ण झालेला प्रकल्पही पुरतो. न्यूरोसर्जरी, डर्मॅटॉलॉजी, ऑर्थोपेडिक्स, प्लास्टिक सर्जरी या शाखांत परदेशी पदवीधराला संशोधनाशिवाय जवळजवळ वाट नाही, आणि तेही बहुधा अमेरिकेतल्याच विभागात वर्ष-दोन वर्षे घालवून केलेले लागते. २६ जानेवारी २०२२ पासून स्टेप १ला गुण देणे बंद झाले, फक्त पास-नापास उरले. तेव्हापासून अर्जातल्या बाकीच्या गोष्टींकडे जास्त बारकाईने पाहिले जाऊ लागले.

न्यूरोसर्जरीला सरासरी २५ पेपर लागतात म्हणे?

आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा लावला जातो. मॅच चालवणारी एनआरएमपी ही संस्था ‘चार्टिंग आउटकम्स’ नावाचा अहवाल काढते. २०२२च्या अहवालात, मॅच झालेल्या अमेरिकी एमडी विद्यार्थ्यांची सरासरी न्यूरोसर्जरीत २५.५, डर्मॅटॉलॉजीत २०.९ आणि ऑर्थोपेडिक्समध्ये १६.५ होती. पण हे पेपर नव्हेत. अ‍ॅबस्ट्रॅक्ट, पोस्टर, तोंडी सादरीकरण आणि छापील लेख या सगळ्यांची ती बेरीज आहे. एकाच अभ्यासाचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट छापले, त्याचेच पोस्टर लावले आणि मग लेख आला, तर एका कामाचे तीन होतात. शिवाय ही सरासरी आहे: शंभर नोंदी असलेला एक उमेदवार दहा जणांचा आकडा फुगवतो. आणि उमेदवार स्वतः भरतो तीच ही संख्या.

तेव्हा या आकड्याला लक्ष्य मानून धावू नका. आपल्या शाखेत संशोधनाची भूक किती, एवढे कळण्यापुरताच त्याचा उपयोग.

ईरासच्या (रेसिडेन्सीसाठीच्या ऑनलाइन अर्जप्रणालीच्या) अर्जात हे नेमके कुठे भरायचे?

दोन वेगळ्या जागी, आणि दोन्ही भरायच्या.

पहिली जागा ‘एक्सपीरियन्सेस’. इथे सगळे मिळून जास्तीत जास्त १० अनुभव बसतात: संशोधन, नोकरी, समाजसेवा, शिकवणे, सगळे त्यातच. प्रत्येकाच्या वर्णनाला ७५० अक्षरे मिळतात. मोकळी जागा आणि विरामचिन्हेही त्यात मोजली जातात. यातल्या तीन अनुभवांवर ‘सर्वांत अर्थपूर्ण’ अशी खूण करून प्रत्येकी आणखी ३०० अक्षरे लिहिता येतात. १० जागांत चार-पाच संशोधनाच्या भरल्या तर बाकीचा माणूस दिसत नाही. एकाच गाईडकडे केलेली लहान कामे एका नोंदीत घ्या.

दुसरी जागा ‘पब्लिकेशन्स’. तिला १०ची मर्यादा नाही. छापलेला लेख, अजून न छापलेला लेख, पुस्तकातले प्रकरण, पोस्टर, तोंडी सादरीकरण असे प्रकार निवडावे लागतात. लेखकांची नावे ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने द्यायची. स्वतःचे नाव पुढे सरकवणे ही साधी चूक नव्हे, लबाडी समजली जाते. पबमेडचा (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीचा) क्रमांक असेल तर तो टाका. वाचणारा तो क्रमांक टाकून अर्ध्या मिनिटात लेख उघडतो.

७५० अक्षरांत ‘मला संशोधनाची आवड निर्माण झाली’ असले वाक्य वाया घालवू नका. प्रश्न काय होता, किती रुग्ण, तुमच्या हातचे काम कोणते, निष्पन्न काय. उदाहरणार्थ: डेंग्यूच्या २१० दाखल रुग्णांचे केस पेपर एमआरडीतून (रुग्णालयाच्या नोंदी विभागातून) काढले, प्रोफॉर्मा (माहिती भरायचा फॉर्म) तयार केला, मास्टर चार्ट (सगळ्या रुग्णांच्या माहितीचा तक्ता) भरला, प्लेटलेट देण्याची कारणे तपासली. एवढे लिहिले की माणूस खरोखर बसला होता हे कळते.

लेख फक्त पाठवला आहे, स्वीकारलेला नाही. दाखवायचा का?

‘सबमिटेड’, ‘अ‍ॅक्सेप्टेड’, ‘इन प्रेस’ असे पर्याय अर्जातच आहेत, त्यामुळे दाखवता येतो. पण १२ ‘सबमिटेड’ आणि शून्य छापील अशी यादी वाईट दिसते. एक-दोन चालतात. ‘लिहायला घेतला आहे’ अशा स्थितीतला लेख या यादीत येत नाही. तो अनुभवाच्या वर्णनात एका वाक्यात सांगा.

एमबीबीएसच्या कोणत्या वर्षी सुरुवात करावी?

दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीतून डोके वर निघत नाही आणि इंटर्नशिपमध्ये ड्यूट्या लागतात.

चांगली पहिली पायरी म्हणजे आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे एसटीएस. हा कार्यक्रम १९७९पासून चालू आहे. कॉलेजातल्या पूर्णवेळ शिक्षकाला गाईड घेऊन प्रस्ताव ऑनलाइन पाठवायचा, मंजूर झाला की दोन महिन्यांत काम उरकून अहवाल द्यायचा. इंटर्न्सना अर्ज करता येत नाही, म्हणून उशीर केला की संधी गेली. नाकारले जाणारे बरेचसे प्रस्ताव एकाच कारणाने पडतात: दोन महिन्यांत न होणारे काम. ‘मधुमेहात नव्या औषधाचा परिणाम’ दोन महिन्यांत होत नाही. ‘आमच्या ओपीडीतल्या मधुमेहींपैकी किती जण पायांची काळजी घेतात’ हे होते.

याच सुमारास चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या संस्थेचा बीसीबीआर हा संशोधनाची ओळख करून देणारा ऑनलाइन अभ्यासक्रम पाहून घ्या. तो पीजी आणि शिक्षकांसाठी सक्तीचा आहे, पण अभ्यासाचे प्रकार, नमुना, पूर्वग्रह या गोष्टी एमबीबीएसवाल्यालाही त्यातून नीट कळतात.

गाईड कसा मिळवायचा? आणि पीजीच्या थिसिसला मदत केली तर नाव लागते का?

एचओडींच्या केबिनबाहेर ‘सर, मला रिसर्च करायचाय’ म्हणत उभे राहिलात तर ‘बघू’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी एका पानावर प्रश्न, रुग्ण कुठून मिळणार, किती आणि किती दिवसांत, हे लिहून न्या. असिस्टंट आणि असोसिएट प्रोफेसरांना स्वतःच्या बढतीसाठी लेख हवे असतात. तुमचा फायदा तिथे आहे.

थिसिसचा डेटा भरून दिला म्हणून लेखक होता येत नाही. आयसीएमजेईच्या (वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीच्या) चार अटी आहेत आणि चारही लागतात: कल्पनेत, डेटा गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यात महत्त्वाची दुरुस्ती, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी. म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच पीजी दादा-ताईंशी बोला: ‘मी मेथड्स आणि रिझल्ट्स लिहितो, नाव दुसरे की तिसरे?’ हे मेलवर असू द्या. पेपर स्वीकारला गेल्यावर नावांवरून होणारी भांडणे विभागात वर्षानुवर्षे टिकतात.

जुने केस पेपर पाहायचे आहेत. एथिक्स कमिटीची परवानगी हवीच का?

हवीच. सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच मरतात, म्हणून थोडे सविस्तर.

आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तपासणीचे तीन मार्ग आहेत: सूट, जलद तपासणी आणि पूर्ण समितीपुढे चर्चा. नावे काढून टाकलेल्या जुन्या नोंदींचा अभ्यास बहुधा पहिल्या दोनांत बसतो आणि रुग्णांच्या संमतीतूनही सवलत मागता येते. पण सूट आहे की नाही हे समिती ठरवते, तुम्ही नाही. त्यामुळे अर्ज करावाच लागतो.

सोबत लागते ते असे: प्रोटोकॉल, प्रोफॉर्मा, संमतीपत्र आणि माहितीपत्रक मराठी व इंग्रजीत (रुग्ण हिंदी बोलणारे असतील तर हिंदीतही), गाईड आणि एचओडींच्या सह्या, सगळ्यांचे बायोडेटा. समितीची बैठक पुष्कळ ठिकाणी महिन्या-दोन महिन्यांनी होते. एक सही राहिली की विषय पुढच्या बैठकीला. मराठी माहितीपत्रक हे इंग्रजीचे यंत्रातून काढलेले भाषांतर असेल तर ते परत येते, आणि यायलाच हवे.

मंजुरीपूर्वी गोळा केलेल्या डेटाला मागाहून मंजुरी मिळत नाही. जर्नल मंजुरीचा क्रमांक आणि तारीख मागते, आणि तारीख डेटाच्या नंतरची निघाली तर लेख तिथेच संपतो. अभ्यासात रुग्णांवर काही उपाय करून पाहायचा असेल, मग तो व्यायाम का असेना, तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी करावी लागते; १ एप्रिल २०१८पासून मागाहून नोंदणी घेतली जात नाही.

आणखी एक. मास्टर चार्टमध्ये रुग्णाचे नाव, फोन, आयपीडी क्रमांक ठेवू नका. कोणता क्रमांक कोणत्या रुग्णाचा याची किल्ली वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये, गाईडकडे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा एक्सेल हा एथिक्सचा भंगच आहे.

नमुना किती घ्यायचा? ‘१०० घे, बरे दिसते’ असे सांगतात.

१०० का, हे समितीतही विचारतील आणि मुलाखतीतही. प्रमाण मोजायच्या साध्या अभ्यासासाठी पीएसएममध्ये (समाजवैद्यकशास्त्रात) शिकलेले सूत्र पुरते: ४ गुणिले पी (प्रमाण) गुणिले क्यू (१०० वजा पी), भागिले चालेल तेवढ्या चुकीचा (एररचा) वर्ग. आधीच्या अभ्यासात प्रमाण ३० टक्के असेल तर पी ३०, क्यू ७०. चूक ५ टक्के धरली तर ८४०० भागिले २५, म्हणजे ३३६. दहा टक्के लोक उत्तर देणार नाहीत असे धरले तर ३७४ जणांना विचारावे लागेल. तेवढे रुग्ण दोन महिन्यांत मिळत नसतील तर चूक १० टक्के धरा, संख्या ८४ वर येते; मात्र उत्तर तितके ढोबळ होते आणि तसे मर्यादांत लिहावे लागते. दोन गटांची तुलना असेल तर सूत्र वेगळे. पीएसएमच्या स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा करण्याआधी जा. डेटा झाल्यावर गेलात तर ते फक्त काय चुकले ते सांगू शकतात.

केस रिपोर्टला किंमत आहे का?

आहे, पण थोडी. पहिला केस रिपोर्ट लिहिताना संदर्भ शोधणे, समीक्षकांना उत्तर देणे हे शिकायला मिळते. पाचव्यातून नवे काही मिळत नाही.

अडते ते रुग्णाच्या संमतीवर. दुर्मिळ केस आहे हे लक्षात येते तोवर रुग्ण डिस्चार्ज घेऊन गावी गेलेला असतो आणि केस पेपरवरचा फोन नंबर लागत नाही. म्हणून निदान पक्के होताच, रुग्ण वॉर्डात असताना, त्याला समजेल अशा भाषेत लेखी संमती घ्या. ऑपरेशनच्या संमतीवरची सही छापण्याला चालत नाही. बीएमजे केस रिपोर्ट्ससारखे जर्नल स्वतःच्याच फॉर्मवर सही मागते. कुठे पाठवायचे ते ठरल्यावरच फॉर्म भरून घेतला तर दुसऱ्यांदा धावपळ होत नाही. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी लावली की ओळख लपते हा समज जुना झाला; गोंदण, मंगळसूत्र, एक्स-रेच्या कोपऱ्यातले नाव यांतूनही माणूस ओळखता येतो. लिहिताना केअर चेकलिस्ट समोर ठेवा, आणि निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर स्ट्रोब ही चेकलिस्ट.

टेलिग्रामवर पैसे भरून सिस्टिमॅटिक रिव्ह्यूत (आधी छापलेल्या अभ्यासांच्या पद्धतशीर आढाव्यात) नाव मिळते. घ्यावे का?

नाही. पैसे देऊन घेतलेले लेखकपण वरच्या चार अटींपैकी एकाही अटीत बसत नाही. पाच देशांतले १४ लेखक, एकमेकांशी संबंध नसलेले विषय आणि सगळे तीन महिन्यांत: हा नमुना अर्ज वाचणाऱ्यांना आता पाठ झाला आहे. ‘शोधासाठी कोणते शब्द वापरलेत? दोन परीक्षकांत मतभेद झाले तेव्हा काय केलेत?’ मुलाखतीतले एवढे दोन प्रश्न खोटेपणा उघडा पाडायला पुरतात.

खरा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करायचा असेल तर घरबसल्या होतो, एथिक्सची परवानगी बहुधा लागत नाही, पण वेळ लागतो. प्रोटोकॉल प्रॉस्पेरो या नोंदणीच्या संकेतस्थळावर आधी नोंदवा, निदान दोघांनी स्वतंत्रपणे लेख निवडा, प्रिस्मा २०२० या चेकलिस्टच्या २७ मुद्द्यांप्रमाणे लिहा. चार जणांत सहा ते नऊ महिने धरा.

कोणत्या जर्नलला पाठवावे?

अनाहूत मेल पाठवून ‘डियर एमिनंट प्रोफेसर’ म्हणणाऱ्याला नको. तीन दिवसांत स्वीकृती, समीक्षकाचा एक शब्द नाही, शुल्क शेवटी कळते: ही लक्षणे पुरेशी आहेत. जर्नलच्या पानावर ‘इंडेक्स कोपर्निकस’ किंवा ‘गुगल स्कॉलर’ लिहिले आहे यावर भुलू नका. पबमेडमध्ये जर्नलचे नाव स्वतः शोधा. पबमेडमध्ये दिसणे आणि मेडलाइनमध्ये (त्यातल्या निवडक जर्नलांच्या सूचीत) असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

क्युरियस या ऑनलाइन जर्नलबद्दल सगळे विचारतात. त्यातले लेख पबमेड सेंट्रलमार्फत पबमेडवर दिसतात आणि लवकर छापले जातात, म्हणून विद्यार्थ्यांची तिथे गर्दी. २०२४मध्ये वेब ऑफ सायन्स या जर्नलांच्या सूचीने त्याच्या नव्या लेखांची नोंद थांबवली. एखादा लेख तिथे असल्याने बिघडत नाही. अख्खी यादीच तिथली असेल तर वाचणारा मनात काहीतरी धरतो.

घराजवळची चांगली जर्नले मात्र कुणाच्या ध्यानात येत नाहीत. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीचे जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५पासून निघते आहे. तिथे नकार आला तरी समीक्षा मिळाल्यास ती वाचून लेख सुधारतो. परिषदांचेही तसेच: मॅपकॉन किंवा मासिकॉन या महाराष्ट्रातल्या फिजिशियन आणि सर्जनांच्या परिषदांत पोस्टर लावायला विमानाचे तिकीट लागत नाही.

अमेरिकेत वर्षभर रिसर्चला जावे का?

स्पर्धा तीव्र असलेल्या शाखेसाठी जावे. इंटर्नल मेडिसिनसाठी, गुण चांगले आणि पदवी ताजी असेल तर, बहुधा गरज नाही. ते वर्ष पदवीपासूनचे अंतर वाढवते.

जाण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: पगार आहे का, व्हिसा कोणता, आणि आधीच्या परदेशी फेलोंचे पुढे काय झाले. बिनपगारी जागा भरपूर आहेत. तेव्हा राहण्याचा सगळा खर्च घरचा, आणि जे-१ या एक्सचेंज व्हिसासाठी तेवढे पैसे असल्याचा पुरावा द्यावा लागतो. जे-१ रिसर्च स्कॉलर पाच वर्षांपर्यंत राहू शकतो, पण ते संपवून परतलात तर त्याच प्रकारात पुन्हा यायला २४ महिने थांबावे लागते. रेसिडेन्सीचा जे-१ वेगळ्या प्रकारातला असल्याने ही अट त्याला लागत नाही. रिसर्च स्कॉलरच्या व्हिसावर रुग्ण तपासता येत नाहीत, त्यामुळे हे वर्ष क्लिनिकल अनुभव म्हणून दाखवू नका. आणि पर्यटक व्हिसावर लॅबमध्ये ‘फुकट’ काम करणे धोक्याचे आहे. फुकट असले तरी ते कामच.

या वर्षाची खरी कमाई पेपरांपेक्षा शिफारसपत्र ही असते. एका प्रोग्रामला चारच पत्रे जोडता येतात. त्यातले एक रिसर्च गाईडचे ठीक, बाकीची तुम्हाला रुग्णांजवळ पाहिलेल्या डॉक्टरांची असावीत.

मुलाखतीत काय विचारतात?

यादीतली कुठलीही ओळ. बहुधा सर्वांत जुनी, जी तुम्ही विसरलात. प्रत्येक कामासाठी पाच उत्तरे तयार ठेवा: प्रश्न का निवडला, नमुना कसा ठरला, तुम्ही स्वतः काय केलेत, मुख्य आकडा कोणता, आणि पुन्हा केले तर काय बदलाल. शेवटचे उत्तर ‘नमुना वाढवीन’ इतकेच असेल तर विचार केलेला नाही हे दिसते. जे सांगता येत नाही ते अर्जातून आधीच काढून टाका. खोटी नोंद सापडली तर ईरास चालवणारी एएएमसी ही संस्था चौकशी करते आणि प्रोग्राम्सना कळवते. एनआरएमपी तर मॅचमधून बाहेरही काढू शकते.

भारतातच पीजी करायचे ठरले तर हे सगळे वाया गेले का?

प्रवेशासाठी त्याचा उपयोग नाही. थिसिसची सिनॉप्सिस लिहायची वेळ येते तेव्हा मात्र, बाकीचे जुन्या थिसिसची पाने उलटत असतात आणि तुम्हाला प्रोफॉर्मा कसा आखायचा ते माहीत असते.

अर्ज पाठवल्यानंतर पेपर छापला गेला. आता?

‘सर्टिफाय अँड सबमिट’ दाबल्यावर पब्लिकेशन्समध्ये बदल करता येत नाही. म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्जाची खिडकी उघडण्याआधी महिनाभर जर्नलकडे विचारणा करून ठेवा. नंतर स्वीकृती आली तर ज्या प्रोग्राम्सनी अशी पत्रे नकोत असे लिहिलेले नाही, त्यांच्या कोऑर्डिनेटरला छोटा मेल करा: तुमचा एएएमसी क्रमांक, लेखाचे नाव, जर्नल, पबमेड क्रमांक. तीन ओळी, जोडपत्र नको, आणि हंगामात एकदाच.